चैत्रातला खारेपाट आणि वाटेवरचे पाहुणे

खारवारा
रविवार, चैत्र शुद्ध द्वादशी

थंडी सरली की बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. रोहित बघून झाले, फोटो झाले, आता पुढच्या दिवाळीनंतर बघू. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. चिखल्या, तुतारी, पाणटिवळा ही चिखलात चरणारी, आता उत्तरेला निघालेली पाहुणे मंडळी खऱ्या अर्थाने बघायची तर मार्चचा शेवट आणि अख्खा एप्रिल हाच काळ. आणि ती बघायला पुळणीवर जाण्यापेक्षा पाणी साठलेल्या शेताच्या बांधावर जा.

मी अलिबागला नोकरी करते. धरमतर खाडीच्या काठाने खारेपाट, म्हणजे बांध घालून राखलेली खारट भातजमीन, पसरलाय, त्यातल्या एका गावात मी अकरा वर्षं जाते आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाड्यांची रांग लागायला नको. तिथे खाडीकडच्या बांधाला तीन वर्षांपूर्वी खांड पडली. भरतीचं पाणी सरळ भातखाचरांत येतं आणि ओहोटीला पुरतं बाहेर जात नाही. कुठे बोटभर, कुठे घोट्याएवढं उरतं, त्याखाली लोण्यासारखा चिखल.

आज पावणेआठला पोचले तेव्हा खाचरांत शेकाटे आणि दोन टिटव्या, बाकी काही नाही. खाडीत पाणी चढत होतं. साडेआठच्या सुमारास खाडीकडून पहिली तुकडी आली, मग दुसरी. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की यांना बसायला आणि चरायला जागा उरत नाही, मग ते बांध ओलांडून शेतात येतात. नऊपर्यंत साडेतीनशेच्या आसपास पक्षी होते. लिटल स्टिंट सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल ठिपकेवाल्या तुताऱ्या, पासष्ट पाणटिवळे आणि एकेचाळीस सोनचिखले.

त्यातला एक सोनचिखल्या माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर उतरला. जानेवारीत हा पक्षी मातीच्या ढेकळासारखा असतो, हलला नाही तर दिसतही नाही. आज त्याच्या पाठीवर हळद-सोन्याचे बारीक कण होते, आणि गळ्यापासून पोटापर्यंत शाई सांडावी तसे काळे डाग. अर्धी पिसं जुनी, अर्धी नवी. सैबेरियात पोचेपर्यंत चेहरा, छाती, पोट सगळं काळं कुळकुळीत होईल आणि कपाळापासून मानेच्या कडेने एक पांढरा पट्टा उतरेल. तो थांबायचा, चार पावलं धावायचा, मान तिरकी करून चिखलाकडे बघायचा, आणि एकदम वाकून गांडूळ ओढून काढायचा. गांडूळ ताणलं जायचं, तो पाय रोवून मागे रेलायचा. दहा मिनिटांत असं सहा वेळा. प्रवासाआधी काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं असं आपण वाचतो. त्यातला एकेक घास कसा जमा होतो ते आज बघितलं.

वेळ कशी साधायची ते सांगते. कोळी आणि आगरी घरांत सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, त्याची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं, पण पूर्ण भरती भर दुपारी, सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. ऊन डोक्यावर आणि तापलेल्या हवेत दुर्बिणीतलं सगळं थरथरतं. अष्टमीला भरती सहाला, पण भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी, खाडीतला चिखल पुरता बुडत नाही, म्हणून पक्षी तिथेच राहतात. एकादशी ते त्रयोदशीची सकाळ सर्वांत चांगली. संध्याकाळच जमत असेल तर षष्ठी-सप्तमी बघा.

तुमच्याकडे कुठल्या शेतांत, कधी, काय दिसतं ते लिहा.

नवी_दुर्बीण

ताई, वाचताना समोर दिसलं. पण मला हे सगळे तपकिरी पक्षी सारखेच दिसतात. पुस्तक उघडते तोवर उडून जातात. सुरुवात कुठून करू?

खारवारा

सुरुवात ठिपकेवाल्या तुतारीपासून करा, कारण ओल्या शेतात ती भेटणारच. भुवई पाहा. पांढरी, ठसठशीत, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असते. पाठ ठिपक्यांनी भरलेली, पाय पिवळट. तिची बहीण हिरवी तुतारी, ती जास्त काळपट. तिची भुवई डोळ्याच्या पुढेच संपते. उडाली की पंखाखालची बाजू बघायची. ठिपकेवालीची फिकी, हिरवीची जवळजवळ काळी. दोघींचं कंबरडं पांढरं असतं, त्यामुळे नुसत्या त्यावर जाऊ नका. आवाज तर अगदी वेगळे. ठिपकेवाली उडताना घाईघाईने 'चिफ-इफ-इफ' करते. हिरवी बहुधा एकटीदुकटी, पाटाच्या कडेला असते. ती उत्तरेकडच्या जंगलात झाडावर, कस्तुराच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. ज्या पक्ष्याला आपण आयुष्यभर चिखलात बघतो, त्याची पिल्लं झाडावरून खाली उडी मारून जगात येतात!

लाल पाय दिसले की लगेच 'टिलवा' म्हणून नोंदवू नका. रफ नावाच्या पक्ष्याच्या नराचेही पाय बऱ्याचदा नारिंगी असतात. टिलवा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसते, रफला ती नसते. रफचं डोकं अंगाच्या मानाने लहान, पाठीवरची पिसं खवल्यांसारखी, चोच किंचित खाली झुकलेली. नर मादीपेक्षा इतका मोठा की एका थव्यात दोन जाती आहेत असं वाटतं. मीही पहिली दोन वर्षं त्यांना दोन वेगळे पक्षी म्हणूनच लिहीत होते.

हिरव्या पायांचा टिलवा आणि मार्श सँडपायपर यांत चोच बघा. टिलव्याची जाड, किंचित वर वळलेली. मार्शची सुईसारखी बारीक आणि सरळ, पाय लांबसडक, एकूण नाजूक प्रकरण. आणि टिलवा उडताना तीनदा खणखणीत ओरडतो, तो आवाज एकदा कानात बसला की जन्मभर जात नाही.

एका वेळी एकच पक्षी घ्या आणि त्याच्याकडे अर्धा तास बघा. पुस्तक घरी आल्यावर.

बांधावरचा

खारवारा, लेख चांगला आहे. पण मी त्या बाजूचाच आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही ज्याला चिखल म्हणता ती आमच्यासारख्यांची खाचरं आहेत. बांधाला खांड पडते म्हणजे काय ते सांगतो. आषाढातल्या उधाणाला, पाऊस आणि वारा एकत्र आले की बांध पाझरायला लागतो. खेकड्यांची बिळं असतात, ती मोठी होतात. रात्री कोणीतरी ओरडत येतो. पोरं, बाया, सगळे चिखल, पेंढा, गोणी घेऊन धावतात. कधी वाचतो, कधी दोन वाव रुंद भगदाड पडतं. मग लावलेलं भात तीन दिवसांत पिवळं आणि आठ दिवसांत आडवं. खारं पाणी एकदा मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुवून निघेपर्यंत पीक धड येत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारट जमीन सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, आम्ही लावतोही. पण थोडं खारं सोसणं वेगळं आणि रोज दोनदा भरती घेणं वेगळं.

आजोबा सांगायचे, या बांधांची डागडुजी गावाने एकत्र करायची ही पूर्वापार रीत होती. उघाडीवर माणूस नेमलेला असायचा, ओहोटीला झडप उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद. आता कामासाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची. आमच्या खांडीचा अर्ज तिसऱ्या वर्षात आहे.

त्या शेतात मीच लहानपणी भात झोडलंय. एका बाजूच्या तळ्यात जिताडे सोडायचो. तिथे आता लोक गाडी उभी करतात, 'वाह काय वेटलँड आहे' म्हणतात आणि बांधावरून चालून तो आणखी खचवतात. मला पक्ष्यांचा राग नाही. पण हे जे पाणी तुम्हाला दिसतं ते आमचं नुकसान आहे, एवढं चर्चेच्या या धाग्यात नोंदवलेलं असावं.

खारवारा

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हे माझ्या पहिल्या लिखाणातच यायला हवं होतं. 'खांड पडली' एवढे दोन शब्द लिहून मी पुढे गेले, ती माझी चूक.

तो बांध ज्यांचा आहे त्यांना विचारून मी जाते, पण मागची दोन वर्षं फक्त पक्ष्यांचे आकडे लिहून परत येत होते. शेताची काय अवस्था आहे ते कधी विचारलं नाही.

सॅक्रामेंटोकर

मी मूळचा पेणचा, सध्या कॅलिफोर्नियात. बांधावरचा यांचं वाचून इथली एक गोष्ट सांगावीशी वाटली.

सॅक्रामेंटो खोऱ्यात मैलोन्‌मैल भातशेती आहे. कापणीनंतर इथले शेतकरी पेंढा जाळायचे. १९९१ च्या कायद्याने जाळण्यावर मर्यादा आली, तेव्हा पेंढा कुजवायला हिवाळ्यात शेतात पाणी सोडून ठेवायची पद्धत वाढली. त्यावर बदकं आणि हंस लाखांनी येऊ लागले. पण फेब्रुवारीत पेरणीच्या तयारीसाठी पाणी काढून टाकायचे, आणि नेमके तेव्हाच किनारपक्षी उत्तरेकडे निघालेले असायचे. २०१४ साली नेचर कंझर्व्हन्सी या संस्थेने एक योजना सुरू केली. पक्षी कुठल्या आठवड्यात कुठे असतात हे लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या याद्यांवरून काढलं, आणि शेतकऱ्यांना विचारलं: तेवढेच काही आठवडे शेतात उथळ पाणी ठेवायला तुम्ही किती पैसे घ्याल? ज्याचा भाव परवडला त्याच्याशी करार. जमीन विकत घ्यायची नाही, पीक थांबवायचं नाही, चार-सहा आठवड्यांचं भाडं द्यायचं.

मार्चमध्ये मी त्या रस्त्यांवर जातो. पाणी दहा सेंटिमीटरच्या आत, डनलिन आणि डाऊइचर यांचे थवे एकदम वळतात तेव्हा आकाश पांढरं होतं आणि पुन्हा करडं. आपल्याकडे असं का होऊ नये?

बांधावरचा

वाचून चांगलं वाटलं, शेतकऱ्याला पैसे देऊन पाणी ठेवतात हे पहिल्यांदा ऐकलं. पण इथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तिकडचं पाणी गोडं, मालकाने सोडलेलं, मालकाने काढलेलं. आमचं खारं, न विचारता आलेलं. दुसरी म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गावात प्यायला पाणी नसतं. शेतात गोडं पाणी सोडू म्हटलं तर बाया हंडा घेऊन अंगावर येतील, आणि ते बरोबरच आहे.

कालव्याखालच्या गावांत जमेल कदाचित. रोहा-माणगावकडे उन्हाळी भात लावतात, तिथे पाणी असतंच.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्या खाजनांची गोष्ट तुमच्या खारेपाटाची सख्खी बहीण. आमच्याकडे उघाडीला मानस म्हणतात. लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मानस नीट असेल तर आत भात पिकतं, नसेल तर शेत खाडी होतं. दुरुस्तीची कथा सगळीकडे एकच.

पण मला इथे पक्ष्यांबद्दल दुसरं सांगायचंय. आमच्याकडे काही शेतकरी सरसकट सगळ्या लांब चोचीच्या पक्ष्यांना 'भात खाणारे' म्हणतात. रोपं उपटून, मोडून नुकसान करते ती जांभळी पाणकोंबडी, तो आरोप खरा आहे. तुताऱ्या, स्टिंट, सोनचिखले हे अळ्या, किडे, गांडुळं, छोट्या गोगलगायी खातात, रोपाला हात लावत नाहीत. पाणटिवळा आणि रफ मात्र भाताचे दाणेही खातात. कापणीनंतर सांडलेले खाल्ले तर कोणाचं काही जात नाही, पण फेकून पेरलेल्या शेतात उतरले तर शेतकरी ओरडणारच. 'पक्षी शेतकऱ्याचे मित्र' असं सरसकट सांगायला गेलो तर लोक दुसऱ्यांदा ऐकून घेत नाहीत. जात बघून बोलावं.

आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर्ल्यू सँडपायपर विटेच्या रंगाचे होतात. मिठागरं आणि खाजन दोन्हीकडे. खाली वाकलेली चोच आणि तो लाल रंग, ओळखायला पुस्तक लागत नाही.

भिगवणची_पाऊलवाट

उजनीच्या फुगवट्यावरून नोंद. इथे उलटं असतं, पाणी शेतात येत नाही, शेत पाण्यातून बाहेर येतं. धरणाचं पाणी उतरेल तसा काठ उघडा पडतो आणि लोक त्यावर गाळपेर करतात. मार्चअखेर गाळपेरीचा वाफा आणि पाण्याची कड यांच्या मधे वीस-तीस फुटांची ओली पट्टी असते, ती रोज खाली सरकते. त्या पट्टीवर सगळं जग असतं. परवा रफ दीडशेच्या वर, त्यातल्या तीन-चार नरांच्या मानेवर वेगळ्या रंगाची पिसं फुटायला लागलेली. पूर्ण कॉलर इथे कधी दिसत नाही, ती उत्तरेत पोचल्यावर. आर्लीही भरपूर, संध्याकाळी पाकोळ्यांसारख्या पाण्यावरून फिरतात.

एक विनंती. गाळपेरीत आणि पट्टीवर टिटवी, शेकाट्या यांची अंडी उघड्यावर असतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर मागे फिरा. तिला कॅमेऱ्यात घ्यायला पुढे जाऊ नका.

नवी_दुर्बीण

अर्धा तास एकच पक्षी हा प्रयोग केला! पनवेलजवळ एका ओल्या खाचरात ठिपकेवाली तुतारी. भुवई दिसली. उडाली तेव्हा 'चिफ-इफ-इफ' पण ऐकू आलं. फार आनंद झाला. पण दुपारी तिथे दोघेजण ड्रोन घेऊन आले, उडता थवा टिपायला मुद्दाम तीन-चारदा उठवला. मी काही बोलू शकले नाही.

खारवारा

तुतारीबद्दल अभिनंदन, मनापासून.

ड्रोनचं वाचून वाईट वाटलं. भरतीच्या त्या दोन-तीन तासांत यांना खाडी बंद असते, बसायला शेत एवढंच असतं. प्रत्येक वेळी उठवलं की जमा केलेली चरबी जळते, आणि ती चरबी म्हणजे पुढचे हजारो किलोमीटर. पुढच्या वेळी एवढंच म्हणा: 'दादा, हे आज-उद्या निघणार आहेत, खाऊ द्या त्यांना.' दहातले सहाजण थांबतात. उरलेल्यांसाठी शेतमालकाला हाक मारा, त्याच्या हद्दीत त्याचा शब्द चालतो.

अजून एक. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे. त्यामुळे हिवाळ्याचे आकडे बऱ्यापैकी आहेत. एप्रिलमध्ये मोजायला माणसं कमी पडतात. म्हणून बाहेर पडलात तर ईबर्डवर यादी टाका. 'काहीच नव्हतं' अशी यादीही टाका. आणि शेरा लिहा: पाणी किती, खारं की गोडं, शेत पिकातलं की पडीक.

बांधावरचा

खारवारा गेल्या रविवारी आल्या तेव्हा मी बरोबर गेलो. तीस वर्षं त्या शेतात वावरलो, पण दुर्बिणीतून पहिल्यांदाच बघितलं. पाणटिवळ्याची चोच मुळाशी गुलाबी असते हे मला माहीत नव्हतं. आता मान तांबूस झालीय त्यांची. ते चोच डोळ्यापर्यंत चिखलात घालतात, शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली. माझी मुलगी पण होती, तिने सोनचिखले मोजले, तेवीस.

मग आम्ही खांडीपर्यंत चालत गेलो. तिला सांगितलं, इथे आपला नांगर बुडाला होता. ती म्हणाली, बाबा, खांड बुजवली की हे पक्षी कुठे जाणार? मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मांडवीकाठ

पावसाळी भात कापल्यावर खाचरात जी ओल राहते, त्यातही तुताऱ्या उतरतात. मानस किंवा उघाडी हातात असेल तर पीक निघाल्यावर एखादा खालचा तुकडा ठरवून ओला ठेवता येतो, मासळीसाठी आमच्याकडे ठेवतातच. बांध तुटलेला असला की ते ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.

खारवारा
चैत्र वद्य दशमी

आजची नोंद. सकाळी साडेसातची भरती, पाणी फार चढलं नाही. लिटल स्टिंट वीस, ठिपकेवाल्या तुताऱ्या अकरा, शेकाटे नेहमीचे. पाणटिवळे एकही नाही. सोनचिखला एक, तोही अजून तपकिरीच. बहुधा गेल्या वर्षीचं पिल्लू, अशी काही पहिल्या उन्हाळ्यात इथेच राहतात. बाकीचे गेले. पुन्हा जुलैअखेर, ऑगस्टमध्ये मोठे पक्षी आधी परततील, अंगावर काळ्या पिसांचे तुकडे घेऊन.

परतताना गावात गेले. बांधावरचा आणि शेजारच्या वाडीने अर्जाची वाट न बघता खांड स्वतःच बुजवायचं ठरवलंय, येत्या भांगात, पाणी कमी असताना. मी आणि ऑफिसातले चौघं येतोय. तळ्याच्या बाजूचा खालचा तुकडा ओला ठेवायचा असं त्यांच्या मुलीने सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. त्यासाठी उघाडीची झडप बदलावी लागेल, तिच्या लाकडाची वर्गणी मी काढते आहे.

दादा, घमेली आणि फावडी आणायची का?

बांधावरचा

घमेली आहेत. सकाळी सहाला ओहोटी लागेल तोवर पोचा, दहापर्यंत काम होतं, मग उन्हाने होत नाही. पायात जुन्या चपला घालू नका, चिखलात राहतात, अनवाणीच उतरायचं. पिण्याचं पाणी तेवढं घेऊन या, टँकर दिवसाआड येतो.